आधी पेढी वाच, मग मानक

पोरी, हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा, आयएफआरएसचा, अभ्यास सुरू केलास हे दादानं फोनवर सांगितलं. भिंतीवर तक्तेही लावलेस म्हणे, एका बाजूला मानकाचा क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला नाव. तक्ते राहू देत, पण सुरुवात तिथून करू नकोस. क्रमांक वापरता वापरता पाठ होतात. सुरुवात व्यवहारापासून कर. कुणी कुणाला काय दिलं, कोणत्या अटीवर दिलं, जोखीम कुणाच्या अंगावर राहिली, पैसे कधी येणार आणि नाही आले तर काय, हे आधी नीट समजून घे. मग त्या व्यवहाराबद्दल मानक काय म्हणतं ते उघड. ऑडिटच्या कामात माझा जन्म गेला. माझ्या हाताखालची जी मुलं व्यवहार समजून मानकाकडे वळायची, ती पुढे टिकली. नुसतं मानक घोकून आलेल्यांना खरा करार समोर ठेवला की घाम फुटायचा.

आणि तू हुबळीच्या कमरीपेठेत राहतेस. या अभ्यासाला याहून सोयीची जागा मला सुचत नाही. दुर्गदबैल, जवळी साल, तिकडे अमरगोळचा बाजार, एवढ्या टापूत रोज जे सौदे होतात त्यांत तुझ्या पुस्तकातली बरीच प्रकरणं तुला हिंडताना दिसतील.

पाया थोडक्यात सांगते. १९७३ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय लेखा मानक समिती सुरू झाली. तिनं काढलेली मानकं ती आयएएस. २००१ मध्ये तिच्या जागी आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळ आलं आणि या मंडळाच्या नव्या मानकांना आयएफआरएस म्हणू लागले. जुनी मानकं टाकून दिली नाहीत, म्हणून आज दोन्ही क्रमांक नांदतात. मालाच्या साठ्याचं आयएएस २, भाडेपट्ट्याचं आयएफआरएस १६. युरोपीय संघानं २००५ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांना ती लागू केली, आणि आज १४० हून अधिक देश-प्रदेशांत ती चालतात. आपण ती जशीच्या तशी उचलली नाहीत. कंपनी व्यवहार मंत्रालयानं फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर बेतलेली इंड एएस मानकं अधिसूचित केली. १ एप्रिल २०१६ पासून ती ५०० कोटी रुपये किंवा अधिक नक्त मूल्याच्या कंपन्यांना लागली. वर्षभरानं उरलेल्या नोंदणीकृत कंपन्यांची आणि २५० कोटींच्या पुढच्या इतर कंपन्यांची पाळी आली. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये हा बदल पुढे ढकलला. क्रमांकाची खूण सोपी आहे. आयएफआरएसच्या क्रमांकात १०० मिळवले की इंड एएस मिळतं, १५ चं ११५, १६ चं ११६. आयएएसचा क्रमांक मात्र तोच राहतो.

दादाच्या कापडाच्या दुकानाला यातलं काहीच लागू नाही. तरी मानक असं का म्हणतं, ते तुला तिथेच कळेल.

लग्नसराईच्या आधी ठोक व्यापारी साड्यांचे गठ्ठे किरकोळ दुकानदाराला जांगड देतो. खपल्या तर पैसे, नाही खपल्या तर माल परत. आता ३१ मार्चला त्या साड्या दुकानदाराच्या कपाटात पडून आहेत. ठोक व्यापाऱ्याच्या कारकुनानं विक्री लिहून टाकली, तर ते बरोबर आहे का? माल ठोक व्यापाऱ्याच्या दुकानातून बाहेर गेला, बिलासारखा कागदही तयार आहे. पण आयएफआरएस १५ विचारतं की मालावरचा ताबा, म्हणजे तो हवा तसा वापरून त्याचा लाभ घेण्याची सत्ता, गेली का? दुकानदारानं साडी गिऱ्हाइकाला विकेपर्यंत ठोक व्यापारी माल परत मागवू शकतो आणि दुकानदारावर पैसे देण्याची बिनशर्त जबाबदारी नाही. म्हणजे ताबा गेलेला नाही. विक्री नाही, आणि तो साठा ठोक व्यापाऱ्याच्याच ताळेबंदात राहील. जांगड म्हणजे काय हे दादाला विचार, तो दोन वाक्यांत सांगेल. मग त्याच मानकाच्या परिशिष्टातले, दुसऱ्याकडे विक्रीसाठी ठेवलेल्या मालाबद्दलचे परिच्छेद वाच. पहिल्या वाचनात कळतील.

अमरगोळच्या बाजार समितीतला अडत्या बघ. शेतकऱ्याची १० लाखांची ब्याडगी मिरची त्याच्या गाळ्यावर विकली गेली, त्याची अडत २० हजार. त्याचं उत्पन्न किती लिहायचं? १० लाख लिहिले तर धंदा मोठा दिसतो, कर्ज मागायला गेल्यावर बरं वाटतं. तेच आयएफआरएस १५ तीन गोष्टी तपासायला सांगतं. गिऱ्हाइकाला माल पुरवण्याची मुख्य जबाबदारी कुणाची, माल पडून राहिला किंवा भिजला तर नुकसान कुणाचं, आणि भाव ठरवण्याची मोकळीक कुणाला. अडत्याचं उत्तर बहुतेक वेळा २० हजार असंच येतं. उद्या तू बंगळूरच्या एखाद्या ॲपवाल्या कंपनीच्या ऑडिटला गेलीस, जेवण घरपोच करणाऱ्या किंवा गाड्या मिळवून देणाऱ्या, तर तिथेही हाच प्रश्न वाद घालायला लावतो. ज्यानं अडत समजून घेतली, त्याला तो वाद नवा वाटत नाही.

आता भाडेपट्टा. इथे जरा थांबून सांगते, कारण विद्यार्थी सगळ्यांत जास्त इथेच घसरतात आणि कंपन्यांच्या ताळेबंदातही सगळ्यांत मोठी उलथापालथ याच मानकानं केली. २०१९ च्या आधी बहुतेक भाडी नुसती खर्चात जायची. कंपनी दहा वर्षांचा करार करून बसली असली तरी ताळेबंदावर त्या देण्याचा मागमूस नसायचा. विमान कंपन्यांची विमानंच्या विमानं अशी ताळेबंदाबाहेर असत. मंडळाचे पहिले अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी म्हणायचे की मरण्यापूर्वी एकदा तरी कंपनीच्या ताळेबंदावर असलेल्या विमानात बसायची माझी इच्छा आहे. आयएफआरएस १६ नं ती जवळपास पुरी केली. जानेवारी २०१९ पासून जगात आणि १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे इंड एएस ११६ म्हणून ते लागू झालं.

हे मानक वाचण्याआधी वही-पेन घे आणि हा हिशेब हातानं कर. गोदामाचं भाडं वर्षाला १० लाख, वर्षाअखेर द्यायचं, मुदत ३ वर्षं, व्याजाचा दर १० टक्के. तिन्ही भाड्यांचं आजचं मूल्य येतं सुमारे २४,८६,८५२ रुपये. पहिल्या दिवशी एवढंच देणं जमेला, आणि गोदाम वापरण्याचा हक्क ही मालमत्ता नावे. पहिल्या वर्षी देण्यावर व्याज २,४८,६८५ आणि हक्कावर घसारा ८,२८,९५१, मिळून खर्च १०,७७,६३६. दुसऱ्या वर्षी व्याज १,७३,५५४, खर्च १०,०२,५०५. तिसऱ्या वर्षी व्याज ९०,९०९, खर्च ९,१९,८६०. तिन्हींची बेरीज कर. एखाद्या रुपयाचा फरक सोडला तर ३० लाखच येते. एकूण खर्च बदललेला नाही, पहिल्या वर्षी जास्त आणि शेवटी कमी झाला. भाड्याच्या जागी व्याज आणि घसारा आले, त्यामुळे व्याज-घसाऱ्याआधीचा नफा फुगतो आणि कर्जही वाढलेलं दिसतं. हे तीन परिणाम तुझ्या हाताच्या आकड्यांतून निघाले की कुठलीही टिपणं वाचायची गरज उरत नाही.

हिशेब मात्र यातला सोपा भाग. अवघड आहे ती मुदत. आपल्याकडे दुकानाचा करार अकरा महिन्यांचा करतात आणि भाडेकरू तिथेच वीस वर्षं बसतो. मानकात १२ महिने किंवा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे. हवं तर तो ताळेबंदावर न आणता भाडं नुसतं खर्चात टाकता येतं. मग अकरा महिन्यांचा कागद दाखवला की काम झालं? इतकं सोपं नाही. नूतनीकरणाचा हक्क करारात आहे का ते बघ. मालक आणि भाडेकरू दोघांनाही फारसं नुकसान न होता हवं तेव्हा मोकळं होता येतं का ते बघ. भाडेकरूनं लाखोंचं फर्निचर बसवलंय, लिफ्ट घातलीय, तर तो उद्या उठून जाईल का, हेही बघ. मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीनं नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं की नुकसान म्हणजे फक्त करारात लिहिलेला दंड नव्हे, व्यवहाराचं एकूण आर्थिक चित्र बघायचं. म्हणून परीक्षेत किंवा कामावर असा प्रश्न आला की कागदावरची मुदत उतरवून मोकळी होऊ नकोस. करार पूर्ण वाच, जागा बघून ये, मग मत लिही आणि मतामागची कारणं लिही.

इंड एएसकडे वळणाऱ्या एका कंपनीच्या कामावर मी होते. तिथे सगळ्यांत जास्त वेळ गेला तो करार गोळा करण्यात. गावोगावच्या गोदामांचे कागद कुणाच्या टेबलाच्या खणात, कुणाच्या घरी, काहींची नुसती तोंडी बोली. मानक सगळ्यांना तोंडपाठ होतं, पण ज्यावर ते लावायचं तो कागदच हाती नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी करार वाचायला बसवत आले. तूही घरातला विजेचा करार, विमा, दुकानाचं भाडेपत्र, जे मिळेल ते बारीक अक्षरांसकट वाच.

उधारीचं प्रकरण तू दादाच्या खतावणीवरून शिकशील. पूर्वीच्या मानकानुसार, म्हणजे आयएएस ३९ नुसार, पैसे बुडाल्याची खूण दिसल्यावरच बुडीताची तरतूद व्हायची. २००८ च्या जागतिक संकटात बँकांची तरतूद फार उशिरा आणि फार थोडी झाली अशी टीका झाली, आणि २०१४ मध्ये आयएफआरएस ९ पूर्ण होऊन आलं. आता उधारी दिली त्याच दिवसापासून, त्यातली किती बुडेल याचा अंदाज धरायचा. हे ऐकून विद्यार्थी घाबरतात, पण पेठेतला कुठलाही जुना दुकानदार हे मनातल्या मनात करतोच. कुणाचा पैसा वेळेवर येतो, कुणाचा दिवाळीनंतर, आणि कुणाचं नाव नुसतं वहीत आहे, हे त्याला ठाऊक असतं. मानक त्याला तोच अंदाज आकड्यांत मांडायला आणि पुढच्या हंगामाचाही विचार करायला सांगतं. सरावाला असं घे. मुदत न उलटलेली उधारी ४० लाख, तिच्यावर अर्धा टक्का. महिनाभर थकलेली १० लाख, ३ टक्के. तीन महिन्यांवर गेलेली ५ लाख, १२ टक्के. तरतूद २०, ३० आणि ६० हजार, एकूण १ लाख १० हजार. टक्के मी सोयीसाठी घेतले. खरे टक्के मागच्या काही वर्षांच्या वसुलीवरून काढायचे असतात आणि पाऊस, कापसाचा भाव, बाजाराची मंदी बघून सुधारायचे असतात. दादाच्या पाच वर्षांच्या वह्यांवरून त्याच्या उधारीचे टक्के काढून बघ. या प्रकरणाचा यापेक्षा चांगला अभ्यास मला माहीत नाही.

आता मानक वाचायचं कसं ते सांगते. आयएफआरएसचा मूळ मजकूर मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळतो, आणि इंड एएस मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. मूळ मजकूर वाचायची धास्ती घेऊ नकोस. आधी हेतू आणि व्याप्ती हे दोन तुकडे वाच. हे मानक कशाला लागू नाही, हे मुलं वाचतच नाहीत आणि मग भलत्या व्यवहाराला भलतं मानक लावतात. नंतर व्याख्या वाच. मग ठळक अक्षरांतले परिच्छेद वाच, कारण मुख्य तत्त्वं तिथे असतात. पण साध्या अक्षरांतल्या परिच्छेदांना अधिकार कमी आहे असं समजू नकोस, दोन्हींचं वजन सारखंच. त्यानंतर परिशिष्टातलं मार्गदर्शन. मंडळानं प्रत्येक मानकाबरोबर ‘निष्कर्षांचा आधार’ म्हणून वेगळा भाग दिलेला असतो, कोणते पर्याय विचारात घेतले आणि कोणते का नाकारले याचा. तो मानकाचा भाग नाही, पण मिळेल तिथे वाच. नियम पाठ करायला लागू नये असं वाटत असेल तर कारण ठाऊक हवं.

इंड एएसच्या प्रत्येक मानकाच्या शेवटी एक छोटं परिशिष्ट असतं, मूळ आयएफआरएसपेक्षा आपलं मानक कुठे वेगळं आहे ते सांगणारं. बहुतेक मुलं ते उलटून पुढे जातात. तू पहिल्याच वाचनात त्याखाली रेघा ओढ. उदाहरणार्थ, भाड्यानं दिलेली गुंतवणुकीची इमारत मूळ आयएएस ४० नुसार बाजारमूल्यानं दाखवता येते. आपल्याकडे किमतीनंच दाखवायची आणि बाजारमूल्य टिपेत सांगायचं. दुसरी कंपनी स्वस्तात पदरात पडली तर तो लाभ आयएफआरएस ३ नुसार नफ्यात जातो. आपल्याकडे तो नफ्यात न नेता इतर व्यापक उत्पन्नामार्गे भांडवली राखीव निधीत नेतात. दोन्ही अभ्यासक्रम शिकणाऱ्याची गल्लत इथेच होते.

मानकांच्या आधी मंडळाची संकल्पनात्मक चौकट वाच, २०१८ ची सुधारित. मालमत्ता कशाला म्हणायचं, देणं कशाला म्हणायचं, माहिती उपयोगी कधी ठरते, एवढं त्यात आहे. चौकट म्हणजे मानक नव्हे आणि ती कुठल्याही मानकाला डावलू शकत नाही. पण ज्या व्यवहाराला थेट मानकच नाही, तिथे तीच हाती उरते.

एवढं झालं की खरे वार्षिक अहवाल उघड. लांब जायची गरज नाही. विजय संकेश्वरांनी १९७६ साली एका ट्रकनं सुरू केलेल्या धंद्याची आजची व्हीआरएल लॉजिस्टिक्स आपल्या वरूरला आहे, २०१५ पासून शेअर बाजारात नोंदलेली. तिचे अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर आहेत. लेखा धोरणांची टीप काढ आणि भाडेपट्ट्याचं टिपण शोध. गावोगावी कार्यालयं आणि माल उतरवायच्या जागा लागणाऱ्या कंपनीला इंड एएस ११६ किती भिडतं ते आकड्यांतच दिसेल. मग स्वतःला विचार: ३१ मार्चच्या रात्री वरूरहून निघालेलं आणि १ एप्रिलला कोल्हापूरला पोहोचणारं पार्सल, त्याचं भाडं कोणत्या वर्षाचं उत्पन्न? उत्पन्नाचं मानक, इंड एएस ११५, म्हणतं, अर्ध्या वाटेवर दुसऱ्या वाहतूकदारानं माल घेतला तर आधी कापलेलं अंतर त्याला पुन्हा कापावं लागत नाही, म्हणजे सेवा वाटेतच थोडी थोडी पुरी होत जाते. मग कंपनीनं काय धोरण लिहिलंय ते पडताळ. याच कंपनीनं २०२२-२३ मध्ये आपला बसचा धंदा विकला. त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात तो कुठे आणि कसा मांडला आहे ते इंड एएस १०५ शेजारी ठेवून बघ.

दुसरी कंपनी इन्फोसिस. गोकुळ रोडला विमानतळाजवळ तिचं आवार तू पाहिलंच आहेस. १९९९ मध्ये नॅस्डॅकवर नोंद होणारी ती पहिली भारतीय कंपनी. अमेरिकी बाजारात नोंद असल्यानं ती आपल्याकडच्या इंड एएसचे आणि आयएफआरएसचे असे दोन्ही हिशेब प्रसिद्ध करते. एकाच वर्षाची दोन्ही नफा-तोटा पत्रकं शेजारी शेजारी ठेव. एकात खर्च प्रकारानुसार मांडलाय, कर्मचाऱ्यांचा खर्च, प्रवास वगैरे. दुसऱ्यात कामानुसार, सेवा पुरवण्याचा खर्च, विक्री, प्रशासन. कारण आपल्या इंड एएस १ नं फक्त प्रकारानुसार मांडणी ठेवली. हा फरक पुस्तकात एका ओळीत येतो. दोन खरी पत्रकं पाहिल्यावर तो कधी विसरत नाही.

घरात मराठी, गल्लीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी, ही आपल्या हुबळीची रीत. तिचा उपयोग कर. एखादं मानक इंग्रजीत वाचून झालं की संध्याकाळी ते आईला मराठीत सांग. जिथे अडशील तिथे तुला ते कळलेलं नाही असं समज. दुकानातल्या माणसाला तेच कन्नडमध्ये सांगून बघ. परीक्षा इंग्रजीत द्यायची आहे, म्हणून उत्तर इंग्रजीतच लिहायचा सराव कर, पण विचार ज्या भाषेत लवकर होतो त्या भाषेत कर.

उत्तर लिहिताना पहिल्याच ओळीत मानकाचा क्रमांक फेकू नकोस. प्रश्न काय आहे ते एका वाक्यात, मानकाची अट तुझ्या शब्दांत, मग दिलेल्या प्रसंगातली प्रत्येक गोष्ट त्या अटीला भिडवून, आणि शेवटी आकडे आणि नोंद. प्रसंग भिडवणं हाच उत्तराचा जीव. मुलं मानक पानभर उतरवतात आणि ‘म्हणून वरीलप्रमाणे’ लिहून संपवतात, तिथे गुण जातात. परिच्छेदाचा क्रमांक आठवला नाही तर लिहू नकोस. चुकीचा लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा. व्याजाचे, घसाऱ्याचे, एकत्रित ताळेबंदाचे तक्ते संगणकावर करण्याआधी निदान एकदा हातानं कर. जमा-नावे जुळलं नाही की चूक कुठे झाली हे हातालाच कळतं.

तारखांबद्दल जागरूक राहा. हे शास्त्र थांबत नाही. आयएएस १ च्या जागी आयएफआरएस १८ आलंय. एप्रिल २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू आहे. नफा-तोटा पत्रकात व्यवसायाचा, गुंतवणुकीचा आणि वित्तपुरवठ्याचा असे भाग ठरवून दिले आहेत, शिवाय व्यवस्थापन स्वतःच्या मर्जीनं जे नफ्याचे आकडे जाहीर करतं त्यांची फोड टिपेत द्यावी लागेल. भारतातली स्थिती मंत्रालयाच्या आणि चार्टर्ड अकाउंटंट संस्थेच्या संकेतस्थळावर बघत जा. थोरल्या भावंडांच्या जुन्या चोपड्या प्रेमानं घे, पण त्यावरचं वर्ष बघितल्याशिवाय उघडू नकोस. हुबळीत संस्थेची शाखा आहे, तिथली व्याख्यानं ऐक आणि शेवटी एक तरी प्रश्न विचारून ये.

आखाताचं तुझ्या मनात आहे, आईनं सांगितलं. चांगलं आहे. संयुक्त अरब अमिरातीत १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना कंपनी कर लागू झाला आणि त्यासाठीचे हिशेब आयएफआरएसप्रमाणे ठेवावे लागतात, त्यामुळे हे ज्ञान तिथे उपयोगी पडतं. एसीसीए या लेखापालांच्या संस्थेची आयएफआरएस पदविकाही आहे, परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, उत्तीर्ण व्हायला ५० टक्के. तिला आधीची पात्रता किंवा कामाचा अनुभव लागतो, म्हणून आत्ता तिच्यामागे धावू नकोस. चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठीची आर्टिकलशिप, म्हणजे पेढीतली उमेदवारी, नव्या योजनेत २ वर्षांची झाली आहे. त्या दोन वर्षांत जिथे इंड एएसचं काम होतं अशी पेढी शोध, विद्यावेतन थोडं कमी असलं तरी.

शेवटची गोष्ट जरा गंभीर आहे. या मानकांत जागोजागी अंदाज आहेत. बुडीत किती, मुदत किती, यंत्राचं आयुष्य किती, खटला हरणार की जिंकणार. जिथे अंदाज असतो तिथे दबाव येतो. कुणीतरी मोठा माणूस गोड बोलून सांगेल, मुदत जरा कमी धरा, तरतूद पुढच्या वर्षी करू. तेव्हा तुझ्या हातात दोनच गोष्टी असतील, करारातली ओळ आणि मानकाचा परिच्छेद. दोन्ही स्वतः वाचलेल्या असल्या तर आवाज न चढवता नाही म्हणता येतं. दुसऱ्याच्या टिपणावरून बोलणाऱ्याला ते जमत नाही. वरिष्ठांशी आदरानं बोल, पण मत लिहून ठेव, तारखेसह.

चौकट वाचून झाली की पहिलं मानक आयएएस २ घे. मोजक्या पानांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं. किंमत आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम यांतली कमी असेल ते साठ्याचं मूल्य, आणि शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायची पद्धत या मानकाला मान्य नाही. वाचून झालं की रविवारी दुकानात जा, दोन वर्षं पडून असलेले कटपीस आणि फॅशन गेलेल्या साड्या बाजूला काढ आणि मार्चअखेर त्यांची किंमत काय धरायची ते दादाशी बसून ठरव. तो भांडेल. भांडू दे. तू तुझा आकडा कारणांसह लिहून मला पाठव.